खेळाची नवी आवृत्ती आणि मॉडकर्त्यांची भर

छापील ग्रंथावर टीपा लिहावयास बसलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खुणेचा. मूळ मजकुरातील अमुक स्थळाविषयी आपण बोलत आहो, हे वाचकाला सांगावयाचे कसे? 'पान २१२, ओळ ७' असे लिहिले की त्या दिवसापुरते काम भागते. पण त्याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघते, टाइप बदलतो, प्रस्तावना लांबते, आणि सगळ्या टीपा भलत्याच पानाकडे बोट दाखवू लागतात. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकाला ही अडचण फारशी भासत नाही. तो अध्याय आणि ओवी यांचे आकडे देतो, आणि हे आकडे छापखान्यावर अवलंबून नसतात. अर्थात तेथेही एखादी ओवी एका प्रतीत असली आणि दुसरीत नसली, की पुढचे आकडे एकेकाने सरकतातच.

संगणकावरील खेळांच्या इतिहासात हाच खुणेचा प्रश्न गेली तीस वर्षे पुन:पुन्हा उद्भवला आहे, आणि त्यापायी हजारो लोकांचे वर्षानुवर्षांचे काम एका संध्याकाळीत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. हे काम म्हणजे 'मॉड'. मॉडिफिकेशन या शब्दाचे हे लघुरूप आता जगभर रूढ झाले आहे. कंपनीने विकलेल्या खेळात खेळणाऱ्यांपैकीच कोणी स्वत: केलेली भर अगर केलेला फेरफार, एवढाच त्याचा अर्थ. त्यात एखाद्या तलवारीचा रंग बदलण्यापासून तो नवे शहर, नवी कथा आणि शेकडो नवी पात्रे उभी करण्यापर्यंत सर्व काही येते. ही माणसे बहुधा हौशी असतात. दिवसा नोकरी, रात्री हे काम, आणि मोबदला म्हणाल तर अनोळखी माणसांचे आभार. त्यांच्या भरीवर मग लक्षावधी लोक खेळतात. आणि एके दिवशी कंपनी खेळाची नवी आवृत्ती पाठवते.

या इतिहासाचा आरंभ बराच मागे नेता येईल. पण खुणेचा प्रश्न जेथे प्रथम जाणीवपूर्वक सोडविला गेला, ते स्थळ म्हणजे इड सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेचा 'डूम' हा खेळ. तो १० डिसेंबर १९९३ रोजी बाहेर पडला. त्याचा मुख्य शिल्पकार जॉन कार्मॅक याने खेळ चालविणारा प्रोग्राम एका बाजूस ठेवला, आणि नकाशे, चित्रे व आवाज ही सामग्री 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाईलीत भरली. या फाईलीतील प्रत्येक वस्तूला नाव असे. हौशी माणसाने स्वत:ची वॅड फाईल तयार करून तीत त्याच नावाची वस्तू ठेवली, की खेळ मूळ वस्तू सोडून ही नवी उचलत असे. मूळ फाईलीला हात लावावा लागत नसे. भर नको झाली तर ती फाईल बाजूला केली, की खेळ जसाचा तसा. नावाने बोलावण्याची ही सोय किती टिकाऊ ठरली पाहा: १९९४ साली केलेले नकाशे आजच्या संगणकांवर आजही चालतात.

तथापि सगळ्याच गोष्टी वॅड फाईलीत नव्हत्या. राक्षसाला किती मार सोसावा, बंदुकीची गोळी किती वेगाने जावी, हे आकडे मुख्य प्रोग्रामच्या पोटात होते. ते बदलण्यासाठी १९९४ मध्ये 'डीहॅक्ड' नावाचे साधन निघाले, आणि त्याबरोबर पानाच्या आकड्याची अडचण आली. प्रोग्रामच्या आरंभापासून इतक्या अंतरावर अमुक आकडा आहे, असे हे साधन जाणत असे. आवृत्ती बदलली की अंतरे बदलत. म्हणून त्याच्या प्रत्येक बदलपत्रात आरंभीच एक ओळ असे, आणि हे पत्र डूमच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे ते तीत नोंदलेले असे. १.९ या आवृत्तीसाठी तेथे १९ हा आकडा लिहीत. साधीच गोष्ट, पण पुढे तीस वर्षांत लोकांना जो त्रास झाला, त्यातील बराचसा ही एक ओळ न लिहिल्यामुळे किंवा न वाचल्यामुळे झालेला आहे. डूमपुरता हा प्रश्न लौकरच निकालात निघाला. १.९ ही आवृत्ती त्या काळची अखेरची ठरली, आणि २३ डिसेंबर १९९७ रोजी इड सॉफ्टवेअरने प्रोग्रामची मूळ संहिताच सर्वांना खुली केली. ग्रंथ स्थिर झाला, टीपाही स्थिर झाल्या.

त्या काळात नवी आवृत्ती घ्यावयाची की नाही, हे खेळणारा ठरवीत असे. दुरुस्तीची फाईल मासिकाबरोबर आलेल्या तबकडीवरून किंवा टेलिफोनच्या तारेवरून आणावी लागे, आणि न आणली तरी खेळ चाले. हे चित्र पालटले ते १२ सप्टेंबर २००३ रोजी व्हॉल्व्ह या कंपनीने 'स्टीम' ही वितरणव्यवस्था सुरू केल्यानंतर. आता खेळ आणि त्याच्या दुरुस्त्या दोन्ही तारेवरूनच येऊ लागल्या, आणि त्याही आपोआप. सर्वसामान्य खेळाडूला ही सोयच झाली, यात वाद नाही. ज्या त्रुटी पूर्वी वर्षभर तशाच राहत, त्या आठवड्यात नाहीशा होऊ लागल्या. पण मॉड लावून खेळणाऱ्याच्या हातून एक गोष्ट गेली, ती म्हणजे नव्या आवृत्तीला नको म्हणण्याचा सोपा अधिकार. स्टीममध्ये 'खेळ सुरू करीन तेव्हाच अद्ययावत कर' असा पर्याय आहे. 'कधीच करू नकोस' असा नाही.

यानंतरचा इतिहास दोन खेळांच्या आधारे सांगतो. त्यातला पहिला 'माइनक्राफ्ट'. हा खेळ जावा भाषेत लिहिला गेला. या भाषेची एक खोड अशी, की यंत्राच्या उपयोगासाठी तयार केलेल्या प्रतीतही मूळ नावे शिल्लक राहतात. म्हणून कंपनीने ती मुद्दाम पुसली आणि त्यांच्या जागी अ, आ, अअ यांसारखी निरर्थक अक्षरे घातली. ही अक्षरे दर आवृत्तीत निराळी. आज जे 'अ' आहे ते उद्या 'कख' होणार. आरंभीच्या दिवसांत मॉड लावावयाचे म्हणजे खेळाची मुख्य फाईल उघडून तीतील तुकडे आपल्या तुकड्यांनी बदलावयाचे, आणि सहीशिक्क्याचे एक फोल्डर पुसून टाकावयाचे. ते पुसावयाचे राहिले तर खेळ उघडतच नसे. यावर हौशी लोकांनी २०१० पासून एक कोशकार्य हाती घेतले. प्रत्येक आवृत्ती निघताच तिच्यातील निरर्थक अक्षरांची समजेल अशी नावे लावून तक्ते तयार करावयाचे. त्यातही एक मधली पायरी त्यांनी शोधून काढली: आवृत्ती बदलली तरी न बदलणारा एक क्रमांक प्रत्येक क्रियेला द्यावयाचा. ज्ञानेश्वरीच्या ओवीचा क्रमांक तो हाच.

खेळातील वस्तूंची गोष्टही तशीच झाली. पूर्वी प्रत्येक दगडविटेला आकडा असे, आणि दोन मॉडकर्त्यांनी अजाणता एकच आकडा उचलला तर खेळ बंद पडे. खेळणाऱ्याने मग दोहोंपैकी एकाची फाईल उघडून हाताने आकडे बदलावयाचे. शंभर मॉड लावणाऱ्याचा रविवार यातच जाई. 'फोर्ज' या मध्यस्थ प्रोग्रामने १.७ च्या सुमारास हे आकडे आपोआप वाटण्याची व्यवस्था केली, आणि २०१८ च्या जुलैत आलेल्या १.१३ या आवृत्तीत कंपनीनेच आकडे काढून नावे आणली. पण मधल्या काळात जून २०१४ ची १.७.१० ही आवृत्ती मॉडवाल्यांचे जणू ठाणेच होऊन बसली होती. पुढे १.८ आली, तीत बरेचसे अंतर्गत बांधकाम बदलले होते, आणि मोठमोठे मॉडकर्ते म्हणाले, आम्ही येथेच बरे आहोत. खेळ पुढे गेला, त्याचे एक मोठे गाव मागे राहिले. कंपनीने २०१९ च्या सप्टेंबरात पुसलेल्या नावांचे तक्ते स्वत: प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तर यापुढे नावे पुसणारच नाही असे जाहीर केले. पंधरा वर्षे हौशी लोकांनी कुलूप उघडण्यात घालविली, आणि शेवटी मालकाने कुलूप काढूनच ठेवले. हे आधी सुचले असते तर किती श्रम वाचले असते, असे मनात येते खरे.

दुसरा खेळ 'स्कायरिम'. बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केला. या संस्थेची परंपरा मॉडकर्त्यांना अनुकूल. २००२ च्या 'मॉरोविंड' या खेळाबरोबर तिने आपली रचनासाधनेही ग्राहकांना दिली होती. स्कायरिमसाठी 'क्रिएशन किट' हे साधन २०१२ च्या फेब्रुवारीत आले. त्याने केलेले मॉड बहुधा आवृत्तीच्या फेऱ्यात सापडत नाहीत, कारण ते मूळ सामग्रीच्या शेजारी स्वतंत्र फाईल म्हणून राहतात. परंतु हौशी माणसाचे समाधान दिलेल्या साधनांनी कधीच होत नाही. खेळाच्या भाषेत जे बोलताच येत नाही ते बोलता यावे, यासाठी 'स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर' हा प्रोग्राम काही जाणत्यांनी रचला. खेळ स्मरणात उतरला की हा त्याच्या पोटात शिरतो, आणि ठरावीक पत्त्यांवर आपल्या आज्ञा जोडून देतो. पत्ते म्हणजे पुन्हा तेच, पान आणि ओळ. त्यामुळे मुख्य प्रोग्रामची आवृत्ती ओळखीची नसेल तर हा एक्स्टेंडर सरळ नकार देतो. पुष्कळ लोक या नकाराला बिघाड समजतात. माझ्या मते तो त्याचा उत्तम गुण आहे. चुकीच्या पानावर टीप चिकटविण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये खेळाची ६४ बिटांची 'स्पेशल एडिशन' निघाली, आणि २०१७ पासून तीत कंपनीने 'क्रिएशन क्लब' नावाचे विक्रीचे दुकान घातले. दुकानात नवा माल आला की मुख्य प्रोग्रामची नवी प्रत येई. खेळात दृश्य फरक काही नाही; पण पत्ते सगळे हललेले. एक्स्टेंडरचे कर्ते दर वेळी नवे पत्ते शोधून आपली प्रत काढीत. त्यांच्या आधाराने उभे राहिलेले जे डझनावारी लहान प्रोग्राम होते, त्यांच्या प्रत्येक कर्त्यालाही तेच करावे लागे. त्यांतील कोणी परीक्षेत गुंतलेला, कोणाला मूल झालेले, कोणी हा नादच सोडून दिलेला. एकाची प्रत यावयाची राहिली की बाकीचा संसार अडला.

या दुखण्यावर 'ॲड्रेस लायब्ररी' नावाचा उतारा एका हौशी कर्त्याने काढला. कल्पना तीच, ओवीच्या क्रमांकाची. प्रोग्राममधील प्रत्येक क्रियेला एक कायम क्रमांक, आणि प्रत्येक आवृत्तीसाठी एक सूची: हा क्रमांक या आवृत्तीत अमुक पत्त्यावर आहे. लहान प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक लिहावयाचा. आवृत्ती बदलली की नवी सूची एका माणसाने काढावयाची, आणि तिच्या आधारावरचे सर्वजण पुन्हा चालू लागावयाचे. शंभरांचे ओझे एकाने उचलले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या १.५.९७ या आवृत्तीवर मग जवळजवळ दोन वर्षे शांतता नांदली, आणि या दोन वर्षांत मॉडांची अशी वाढ झाली की जाणकार आजही तो काळ काढतात.

ती शांतता ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, खेळाच्या दहाव्या वाढदिवशी, संपली. 'ॲनिव्हर्सरी एडिशन' बाहेर पडली आणि मुख्य प्रोग्राम १.६ च्या मालिकेत गेला. या वेळी सूचीनेही भागेना. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, ज्याला कंपायलर म्हणतात, तोच कंपनीने बदलून नवा घेतला होता. नव्या कंपायलरने जुळणी निराळ्या रीतीने केली: काही लहान क्रिया मोठ्यांच्या पोटात विरून गेल्या, काही वेगळ्या निघाल्या, क्रम पालटला. ग्रंथाचा टाइप बदलला तर पाने सरकतात. येथे ओव्यांचीच मोडणी नव्याने झाली होती. एक्स्टेंडरच्या कर्त्यांपैकी एकाने याची आगाऊ सूचना ऑक्टोबरातच दिली होती: क्रियांचा शोध मॉडकर्त्यांना बहुतांशी मुळापासून घ्यावा लागेल. तसेच झाले. १.६ साठी ॲड्रेस लायब्ररीला वेगळे क्रमांक द्यावे लागले, आणि जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ घालणारे दुभाषी पुढे कोणीतरी तयार करीपर्यंत प्रत्येक लेखकाला दोन प्रती ठेवाव्या लागल्या.

त्याच वर्षीच्या जुलैत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिचा संबंध या प्रकरणाशी फार जवळचा आहे. मॉडांचे सर्वांत मोठे भांडार असलेल्या 'नेक्सस मॉड्स' या संस्थेने जाहीर केले, की यापुढे कर्त्याने काढून टाकलेल्या फाईली पूर्णपणे नष्ट होणार नाहीत. त्या जपून ठेवल्या जातील. कारण असे, की शेकडो मॉडांचे तयार संच संस्थेला द्यावयाचे होते, आणि संचातील एक वीट निघाली तर भिंत कोसळते. ज्यांना हे मान्य नसेल त्यांना सुमारे एक महिन्याची मुदत मिळाली, आणि काही जुन्या नामवंत कर्त्यांनी आपले सारे काम त्या मुदतीत काढून नेले. दोन्ही पक्षांचे म्हणणे मला समजते. आपल्या हातच्या कामावर आपला अधिकार असावा, असे कर्त्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण जो कर्ता काम बंद करतो आणि दुसऱ्याला दुरुस्त करण्याची परवानगीही देत नाही, त्याचे मॉड कंपनीच्या पुढच्या आवृत्तीबरोबर मरते. ज्यांनी आपली संहिता खुली ठेवली, त्यांची कामे २०२१ च्या त्या हिवाळ्यात परक्यांनी दुरुस्त केली. भांडाराने फाईल जपली, तरी ती चालण्याजोगी राहण्यास ही परवानगी लागते.

आता खेळणाऱ्याकडे वळू. त्याच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक असतो. काल रात्रीपर्यंत दोनशे मॉड सुखाने नांदत होते, आज खेळ उघडता उघडता बंद पडतो. करावे काय? गेल्या दोन दशकांत याचे एक शास्त्रच तयार झाले आहे; ते कोणा विद्यापीठात शिकवीत नाहीत, पण त्यातील शिस्त एखाद्या चांगल्या वैद्याला शोभेल अशी आहे.

पहिली गोष्ट, काय बदलले ते पाहावयाचे. मुख्य प्रोग्रामची आवृत्ती आणि एक्स्टेंडर कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हे दोन आकडे जुळतात की नाही, एवढ्यानेच बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. मग बिघाड केव्हा होतो ते पाहावयाचे. मुखपृष्ठ दिसण्यापूर्वीच खेळ बंद पडत असेल, तर एखाद्या मॉडला ज्या दुसऱ्या फाईलीचा आधार हवा ती जागेवर नसण्याचा संभव मोठा. ठरावीक गावात शिरतानाच बंद पडत असेल, तर त्या गावात हात घालणारे मॉड तपासावे. खेळ कोसळताना आपली अवस्था लिहून ठेवील अशी साधनेही निघाली आहेत. त्या नोंदीतील पत्त्यांची रांग नवख्याला अगम्य वाटते, पण तिच्यात एखाद्या मॉडचे नाव पुन:पुन्हा दिसले तर चौकशी तेथून सुरू करावयाची.

नोंदीने काही उमगले नाही, तर निम्म्याची रीत. दोनशेपैकी शंभर बंद करावयाचे आणि खेळ उघडावयाचा. उघडला, तर दोषी बंद केलेल्या शंभरांत. न उघडला, तर उरलेल्या शंभरांत. पुन्हा निम्मे. एकेक काढून पाहू लागले तर दोनशे वेळा खेळ उघडण्याची पाळी येईल. या रीतीने आठ वेळांत दोषी हाती लागतो. मात्र दोन मॉड एकेकटे निर्दोष आणि एकत्र आले की भांडणारे असले, तर ही रीतही फसते, आणि माणसाला धीराने जोड्या तपासाव्या लागतात. शिवाय निम्मे काढताना ज्याच्यावर दुसरे अवलंबून आहे असे मॉड काढले, तर नवाच बिघाड उद्भवून शोध भरकटतो.

क्रमालाही येथे फार महत्त्व आहे. स्कायरिममध्ये दोन मॉड एकाच वस्तूची नोंद बदलतील, तर नंतर वाचलेल्याची नोंद संपूर्ण लागू होते. पहिल्याने त्या वस्तूत केलेले बाकीचे बदलही त्याबरोबर जातात. म्हणून क्रम लावून देणारी साधने निघाली, आणि दोन नोंदी शेजारी ठेवून दाखविणारे 'एक्सएडिट' निघाले. पूर्वी मॉडच्या फाईली खेळाच्या फोल्डरमध्येच ओतीत, आणि एकावर एक पडून मूळ कोणते हे कळेनासे होई. 'मॉड ऑर्गनायझर' या साधनाने प्रत्येक मॉडला स्वतंत्र खोली दिली, आणि खेळाला मात्र सगळे एकाच घरात आहेत असा भास निर्माण केला. मूळ फोल्डर निर्मळ राहिले, की नवी आवृत्ती आली तरी झाडलोट करणे सोपे जाते.

सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे सेव्ह, अर्थात खेळ जेथवर आला त्याची जपून ठेवलेली नोंद. तीत शंभर-दोनशे तासांचा प्रवास साठविलेला असतो. स्कायरिममध्ये मॉडच्या चालू आज्ञाही या नोंदीत शिरतात. मॉड काढले तरी त्या तेथे राहतात आणि नाहीशा झालेल्या धन्याची हाक ऐकण्यासाठी थांबून बसतात. म्हणूनच जाणते लोक सांगतात, की चालू प्रवासात मॉड काढू नये, आणि नव्या आवृत्तीवर जुनी नोंद उघडण्यापूर्वी तिची प्रत दुसरीकडे ठेवावी. खेळ पुन्हा मिळतो. तो प्रवास मिळत नाही, आणि पुष्कळ संसारी माणसांना दोनशे तास पुन्हा काढता येत नाहीत.

अनेकांनी २०२१ नंतर याहून सोपा मार्ग पत्करला: पुढे जावयाचेच नाही. स्टीमच्या कोठारातून जुनी प्रत उतरवून घेण्याची वाट आहे, आणि नव्या प्रतीला जुने रूप देणारी साधनेही हौशी लोकांनी केली. कित्येकांनी जुना मुख्य प्रोग्राम आणि नवी सामग्री असा संकर जमविला. पण मागे राहण्यालाही किंमत पडते. ५ डिसेंबर २०२३ रोजी आलेल्या आवृत्तीने हलक्या वजनाच्या मॉड फाईलींची नोंदींची मर्यादा २०४८ वरून ४०९६ केली, आणि त्यासाठी फाईलीच्या मथळ्यातील आकडा बदलून १.७१ केला. नव्या साधनाने केलेली मॉड जुन्या प्रोग्रामला वाचता येईनात. मग जुन्यावर राहिलेल्यांसाठी ही वाढीव मर्यादा मागे आणणारे आणखी एक मॉड निघाले. मॉड चालावे म्हणून मॉड. हा कारखाना असाच चालतो.

त्याच संस्थेच्या 'फॉलआउट ४' या खेळाची हकीकत याहून बोचरी आहे. 'फॉलआउट : लंडन' हे त्यावरील मॉड म्हणजे नवा खेळच, स्वयंसेवकांच्या एका चमूने संपूर्ण लंडन शहर त्यासाठी वर्षानुवर्षे खपून उभे केले. प्रकाशनासाठी त्यांनी २३ एप्रिल २०२४ हा दिवस, म्हणजे इंग्लंडच्या संत जॉर्जचा दिवस, जाहीर केला. दूरचित्रमालिकेमुळे खेळाचे नाव त्या महिन्यात सर्वतोमुखी झाले होते, आणि कंपनीने २०१५ च्या या खेळाची मोठी नवी आवृत्ती २५ एप्रिलला येईल असे सांगितले. दोन दिवसांचे अंतर! प्रकाशन पुढे ढकलावे लागले. अखेर २५ जुलै २०२४ रोजी ते मॉड आले, पण जुन्या आवृत्तीसाठीच. स्टीमवर खेळ घेतलेल्यांनी आपली प्रत आधी मागे न्यावी, यासाठी त्यांना एक साधन देण्यात आले. कंपनीने कोणताही नियम मोडला नव्हता. खेळ तिचा, परवान्यातील अटी तिच्या, आणि मॉड चालतेच राहील असे वचन तिने कोणालाही दिलेले नव्हते. तरीही एवढे मोठे काम कोणत्या तारखेला येणार हे जगजाहीर असताना आधी एक शब्द कळविला असता, तर काय बिघडले असते, हा प्रश्न उरतोच.

असे कळविणे शक्य असते, याचा दाखला त्याच वर्षी एका लहान खेळाने दिला. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने रचून फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. तो ज्या भाषेत लिहिला आहे तीत यंत्राच्या प्रतीतही नावे टिकतात, आणि बॅरोनने ती पुसली नाहीत. त्यामुळे 'स्मापी' हा मध्यस्थ प्रोग्राम प्रत्येक मॉड उघडताना त्यातील जुने संदर्भ तपासतो, ज्यांचा नवा पर्याय ठाऊक आहे ते जागच्या जागी बदलतो, आणि जे मॉड चालणारच नाही ते बाजूला ठेवून खेळणाऱ्याला स्पष्ट शब्दांत तसे सांगतो. १९ मार्च २०२४ रोजी १.६ ही मोठी आवृत्ती आली. काय काय बदलणार याची मॉडकर्त्यांसाठी लिहिलेली सविस्तर यादी त्याआधीच उपलब्ध होती. मॉड मोडली नाहीत असे नव्हे, बरीच मोडली. पण कोणते मोडले, कोणते दुरुस्त झाले आणि कोणत्याला पर्याय कोणता, याची नोंद रोजच्या रोज ठेवली जात होती, आणि खेळणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागले नाही.

स्कायरिमच्या बाबतीत तेवढा मोकळेपणा आला नाही; तेथे सोय आहे ती निराळीच. स्क्रिप्ट एक्स्टेंडरचे कर्ते या एका खेळासाठी पाच निरनिराळ्या प्रती शेजारी शेजारी मांडून ठेवतात: २०११ च्या मूळ खेळासाठी एक, १.५.९७ वर थांबलेल्यांसाठी एक, १.६.११७० वर गेलेल्यांसाठी एक, 'गॉग' या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या १.६.११७९ साठी एक, आणि डोळ्यांवर यंत्र लावून खेळावयाच्या आवृत्तीसाठी एक. उतरवून घेण्यापूर्वी आपला आकडा कोणता, तेवढे मात्र ज्याचे त्याने पाहावयाचे.